साफ शेगडी

गल्लीत त्यांना सगळे शेगडीवाले म्हणत. भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणाऱ्या शेगड्या बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. काम चोख, जीभ तिखट. "माणसानं रोज तोंड धुवावं आणि शेगडीची वाटी खरवडावी," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावत. वाटी म्हणजे शेगडीच्या पोटातलं लोखंडी भांडं, जिथे कांड्या जळतात. ती राखेनं भरली की हवा कोंडते आणि घरभर धूर होतो.

पुढे त्यांचं डोकंच दगा देऊ लागलं. आधी किल्ल्या हरवायच्या, मग घरचा रस्ता, आणि हल्ली कधी कधी समोरचं माणूससुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बायकोनं सगळं झाकून ठेवलं. शेजारीपाजारी विचारायला लागले की म्हणायची, "वय झालं, दुसरं काय!"

पण मागच्या महिन्यात त्यांनी धगधगती राख पुठ्ठ्याच्या खोक्यात ओतली आणि खोकं पडद्याखाली ठेवलं. पडदा पेटला. आता धूर काय झाकणार, कप्पाळ! बातमी मुलीपर्यंत गेलीच.

"आई, आता पुरे. सांभाळणाऱ्या लोकांकडे खोली बघून ठेवलीय मी त्यांच्यासाठी," मुलगी फोनवर म्हणाली.

"अगं, एकदाच चुकलं त्यांचं. शेगडीवर अजून त्यांचा हात बसलाय. तू ये आणि डोळ्यांनी बघ."

"बरं, येते. नीट साफ केली तर राहू देत घरी. नाहीतर मी ऐकणार नाही."

बाई हो म्हणून बसली. इतक्या वर्षांच्या संसाराचा निकाल एका शेगडीवर लागणार होता.

मुलगी यायची त्या दिवशी ते उठायच्या आत हिनं शेगडी बंद करून निवू दिली. वाटी खरवडली, भोकं तारेनं मोकळी केली, राखेचा कप्पा झाकणाच्या डब्यात रिकामा केला, शेगडीच्या दाराची काच ओल्या कागदानं लख्ख पुसली. आता ठिणगीच नाही तर आग कुठून लागणार? त्यांनी नुसते हात फिरवले तरी भागेल, असा तिचा हिशोब. तिला कुणी हसू नये. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि हिला तीसुद्धा दिसत नव्हती.

मुलगी आली ती अंगातला कोट न काढताच खुर्चीत टेकली.

ते हत्यारांची पिशवी घेऊन शेगडीपुढे बसले. आधी तिच्या पंख्याची विजेची वायर काढली. मग दाराला उलटा हात लावून धग पाहिली. बाईच्या जिवात जीव आला. बघ, बघ म्हणून तिनं मुलीला डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली, आत बोट फिरवून बघितलं. कप्पा ओढला. आणि सगळं जागच्या जागी ठेवून ते उठले.

"ही आजच साफ केलीय कुणीतरी," ते म्हणाले. "मग मला कशाला बोलावलंत?"

"अहो, असं काय करता? आपलीच शेगडी आहे ना! खरवडा की जरा," बाई काकुळतीला येऊन म्हणाली.

"तुमची शेगडी तुम्ही छान ठेवलीय, बाई. शाबास. साफ शेगडीला मी हात लावत नाही."

अति तिथे माती म्हणतात ती अशी. राख राहू दिली असती तर कदाचित त्यांनी सगळं बिनचूक केलं असतं. किंवा घर पेटवलं असतं. आता ते कधीच कळणार नव्हतं.

"आई, तू केलीस साफ?" मुलीनं हळूच विचारलं. "आणि तुला तर ते... आई, कधीपासून ओळखत नाहीत तुला?"

"मधूनमधून ओळखतात गं," बाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ते गोंधळले. परक्या घरात बायका रडायला लागल्या की माणूस गोंधळतो, तसे. त्यांनी पिशवी उचलली आणि आपला कोट घेऊन बाही शोधू लागले. बाही काही सापडेना.

"थांबा ना थोडं. चहा तरी घ्या," बाई म्हणाली.

"नको. बायको घरी एकटी असते. मी गेल्याशिवाय शेगडी पेटवत नाही वेडी, गारठत बसते."

बाईनं डोळे पुसले. त्यांचा हात धरून बाहीत घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"हो," ती म्हणाली. "एकटीच आहे ती."

मग तिनं मुलीकडे बघितलं. "ती खोली आहे ना अजून? गाडी काढ."

मुलगी किल्ली हातात धरून उभीच राहिली. बाईनं स्वतः दार उघडलं.

"चला. आम्ही सोडतो तुम्हाला."

"उपकार झाले, बाई," ते खुशीत म्हणाले. "जरा लवकर पोचवा मात्र. ती वाट बघत असेल."