तीन चाकं, दोन खांब

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, पण निदान हातातला चहा संपवून हसा, नाहीतर ठसका लागेल!

तीस वर्षं मी मोटरसायकल चालवतोय. नारायण पेठेतल्या गर्दीतून गाडी काढावी तर आम्हीच! आणि नेमकं त्यामुळंच आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, माझ्या मागं बसणं सोडलं. म्हणते, "तुम्ही वळणावर झुकता, तेव्हा मला रस्त्यावरची खडी मोजता येते." स्वतःची चारचाकी मात्र ती शांतपणे चालवते.

मग मी काय केलं? मोटरसायकलला साइडकार जोडून आणली! डाव्या बाजूला ऐसपैस बैठक, तिला स्वतंत्र चाक. झाली तीनचाकी. काय थाट!

सुनंदानं कमरेवर हात ठेवून ती पाहिली. "एकदा बसेन. रविवारी कात्रजला, भाचीच्या साखरपुड्याला. पण काही गोंधळ घातलात, तर मोटरसायकलसकट विकायची. कबूल?"

"कबूल! अगं, तीस वर्षांचा अनुभव आहे."

"त्याचीच तर भीती वाटते."

रविवारी निघालो. पहिलंच वळण डावीकडचं. मी सवयीनं झोकात डावीकडे झुकलो. आणि गाडी? सरळ! अहो, ही गाडी झुकतच नाही. तिला चक्क हँडल फिरवून वळवावं लागतं. समोर केळ्यांची हातगाडी! करकचून ब्रेक दाबला, तर गाडीनं उजवीकडे तोंड फिरवलं.

केळीवाल्यानं विचारलं, "काका, नक्की जायचंय कुठं?"

"साखरपुड्याला," सुनंदा म्हणाली. "पण असेच गेलो तर बारशाला पोचू."

तसेच डुगडुगत सातारा रस्त्याला लागलो, तर पुढं ही गर्दी! बसच्या मागं अडकलो. मुहूर्त तोंडावर आलेला. आता खरं सांगा, अशा वेळी पुणेकर काय करतो? डावीकडे बघतो. डावीकडे काय असतं? फुटपाथ!

दुचाक्या वर चढू नयेत म्हणून तिथं दोन खांब रोवलेले होते. दुचाकी बरोब्बर त्यांच्या मधून जाते, हे शहरात कोणाला ठाऊक नाही? मी डोक्याला विचारलंच नाही. हातांनी परस्पर गाडी तिकडे घातली.

"अहो, कुठं चाललात? अहो, खांब! अहो!"

"बसतंय गं, बसतंय!"

खण्ण!

बसलं की! मोटरसायकल दोन खांबांच्या मधोमध. आणि पेढ्यांचा खोका मांडीवर घेतलेली बायको डाव्या खांबासमोर, अगदी नाकासमोर! वेग बेताचा होता म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आता गाडी मागं घ्यायची कशी? हिला रिव्हर्स गिअर नाही.

लोक जमले. एक आजोबा म्हणाले, "खांब बरेच दिवस इथंच आहे. आपण आज आलात."

कॉलेजातला एक जण म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. व्हिडिओ एकदम क्लिअर आलाय!"

तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. माझ्याकडे बघितलं, सुनंदाकडे बघितलं आणि तिलाच विचारलं, "काकू, हे कोण तुमचे?"

"ते मी संध्याकाळी ठरवणार आहे."

चार जणांनी ढकलून गाडी मागं घेतली. साखरपुडा मिळाला, पण आमच्या आधी व्हिडिओ पोचला होता. नवऱ्यामुलाला सोडून सगळा मांडव मला बघायला!

संध्याकाळी मीच विषय काढला. "विकून टाकू. शब्द दिलाय." तीस वर्षांची सोबत हो.

"विकायची कशाला?" सुनंदा म्हणाली. "गाडीत काय दोष आहे? हँडल फिरवाल तिकडे जाते बिचारी."

आणि बाईसाहेब चक्क मैदानावर जाऊन शिकल्या. लायसन्स काढलं. गाडी अशी वळवतात की वाटतं जन्मभर हेच केलंय. मी साइडकारमध्ये, मांडीवर त्यांची पर्स.

परवा सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं मला नीट न्याहाळलं आणि तिला विचारलं, "काकू, काकांना येत नाही का चालवता?"

"येतं ना. ते विसरावं म्हणून तर बसवलंय."

त्यानं माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "चालायचंच काका. तीन चाकं सगळ्यांनाच झेपत नाहीत!"