मेकॅनिकला समजावलेलं रॉकेट
तोफखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ देवळालीत माझी स्कूटर दुरुस्त करतात. समोरचा काहीही बोलो, ते "बरं" म्हणतात आणि पाना फिरवत राहतात. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून मी त्यांना क्षेपणास्त्रं समजावत होतो. परवा म्हणालो, "रॉकेट मागच्या हवेला रेटतं, म्हणून वर जातं."

"पार वर हवाच नाय, सर. ते स्वतःचाच जळका वायू मागं फेकतं, म्हणून पुढं जातं."

मी ओशाळलो, तरी म्हणालो, "आपण एक अण्वस्त्र सोडूनच द्यावं!"

त्यांनी पाना खाली ठेवला. "समोरच्या देशाकडंही ते हाय, म्हणून दोघंही ते सोडत नायत. सुटलेलं परत बोलावता येत नाय."

सकाळीच मी सोसायटीच्या ग्रुपवर 'सोडा एकदाचं!' असं लिहिलं होतं. पुसायला मोबाइल काढला, तोवर त्याचा स्क्रीनशॉट चार ग्रुपांत पोहोचला होता, माझ्या नावासकट.