अकरा तासांची दुरुस्ती

‘कॅप्टन, हा शिक्का कोणाचा आहे?’

स्क्रीनवरच्या इन्स्पेक्टरने माझ्या लॉगबुकचं पान मोठं करून दाखवलं. आखातातल्या एका विमान कंपनीची ऑफर माझ्या हातात होती आणि तिथल्या लायसन्सिंग ऑफिसचे हे गृहस्थ माझे कागद तपासत होते. दिल्लीत द्वारकेतल्या घरी मी टाय लावून बसलो होतो.

‘गव्हर्नमेंट ऑफिसर आहेत,’ मी म्हणालो.

‘ते विमानं तपासतात?’

‘नाही. म्हशी.’

शिक्का पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा होता आणि तो प्रत्येक पानावर होता. हे कसं झालं ते सांगतो.

पायलटचं लायसन्स ज्या देशाचं, त्या देशाच्याच विमानावर चालतं. आपल्याकडच्या लायसन्सवर आपल्याकडे नोंदलेलं विमान उडवता येतं; बाहेरच्या देशाचं उडवायचं तर त्यांनी तुमचं लायसन्स मान्य करून घ्यावं लागतं. त्यासाठी त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. एक, आपल्याकडच्या लायसन्सिंग ऑफिसने थेट त्यांना पाठवलेलं पत्र, की हा माणूस खरंच पायलट आहे आणि त्याचे इतके तास भरले आहेत. दुसरी, लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाण स्वतः लिहायचं आणि पानाची बेरीज पुढच्या पानावर न्यायची. तेव्हा हे सगळं कागदावरच चालायचं.

जावं की नाही, यावर घरी महिनाभर चर्चा चालली. पाच आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी, असा रोस्टर होता. मंजिरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की सध्याही मी घरी असतो तेव्हा झोपलेलाच असतो, त्यामुळे फरक फारसा पडणार नाही. दहावीतली मुलगी ‘पापा, बिल्कुल जा’ म्हणाली, ते मला जरा जास्तच उत्साहाचं वाटलं. मी इथे राजीनामा दिला. कॅप्टनला लांबलचक नोटीस द्यावी लागते, ती सुरू झाली. तिकडचं लायसन्स वेळेत झालं नाही, तर तिकडची नोकरी नाही आणि इकडचीही नाही, असा हिशेब होता.

माझं जुनं लॉगबुक बाबांनी पाहिलं आणि चष्मा काढला. बाबा मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढलो तो त्यांच्या ‘फेअर कॉपी कर’ या वाक्यावर. लॉगबुकात तीन रंगांच्या शाया होत्या, खाडाखोड होती, एका पानावर सांबार होतं.

‘परक्या साहेबापुढे हे रजिस्टर नेणार तू?’

मग आम्ही बापलेकांनी दोन महिने फेअर कॉपी केली. ते वाचून सांगायचे, मी लिहायचो. नक्कल झाली म्हणजे गॅझेटेड ऑफिसरचं अटेस्टेशन आलंच. जुन्या शेजाऱ्यांचे जावई त्या दर्जाचे निघाले. बिचाऱ्यांनी पूर्ण रविवार शिक्के मारले.

इन्स्पेक्टर म्हशींपाशी थांबला नाही. ‘मी तुमच्या कंपनीचं सर्टिफिकेट पाहतोय,’ तो म्हणाला. ‘त्यात तुमचे तास या पुस्तकापेक्षा अकराने कमी आहेत.’

मी बाबांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याच्या मागे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. फ्लाइंग क्लबच्या दिवसांत, पान उलटताना, मी अकरा तास पुढे न्यायला विसरलो होतो. ती चूक मग प्रत्येक पानावरून, लायसन्सच्या अर्जातून आणि कंपनीतून माझ्याबरोबर उडत आली. ती बाबांनी पकडली आणि नकलेत दुरुस्त केली. मला सांगितलं नाही, कारण बेरीज बरोबर असली की सांगायचं काय?

इन्स्पेक्टर भला माणूस होता. सांबारासकट मूळ पुस्तक पाठवा, म्हणाला. ‘तास कमी असले तरी तुम्हाला पुरेसे आहेत. पण आकडा एकच हवा. तुमच्या ऑफिसच्या पत्रात जो येईल तो मी धरेन.’

म्हणजे फक्त पत्र हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडच्या लायसन्सिंग ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्क बाबूजींनी रजिस्टर पाहिलं.

‘कॅप्टन साहब, फाइल तो करेक्शन में गई है. जब तक फैसला नहीं होता, लेटर कैसे जाएगा?’

‘करेक्शन के लिए किसने बोला?’

त्यांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. माझे अकरा तास मिळावेत, अशी नम्र विनंती होती. भाषा बाबांची होती. खाली सही माझी होती.

विमानात मी दरवाजा बंद आहे का, हेसुद्धा चेकलिस्ट वाचून विचारतो. घरी मात्र बाबांनी पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर मी चहा पीत सह्या केल्या होत्या.

संध्याकाळी मी घरी येऊन आवाज चढवला. अर्ज मागे घेतो, म्हणालो.

‘घे,’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘आपले तास वाढवा म्हणणारा माणूस आता नको म्हणतोय, हे वाचून कोणता अधिकारी सही करेल, सांग.’

चाळीस वर्षं ते त्या खुर्चीत बसले होते. मग ते हळूच म्हणाले, ‘मला वाटलं, तुझे आहेत तर तुला मिळावेत.’ त्यानंतर भांडता आलं नाही.

ऑफरची मुदत संपली. तिकडच्या कंपनीने दोन ओळींची ईमेल पाठवून मला शुभेच्छा दिल्या. मी इथल्या चीफ पायलट सरदारजींकडे राजीनामा परत मागायला गेलो. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि ते बराच वेळ हसले.

‘यार, लोग घंटे बढ़ाकर पकड़े जाते हैं. तू पहला है जो अपने असली घंटों में फँसा. चलो, कल पटना कर ले.’

दुसऱ्या दिवशी मी पाटण्याची फ्लाइट केली. पुढच्या वर्षी पत्र आलं, की अर्जदाराचे अकरा तास मान्य करण्यात येत आहेत. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं.

परदेशी जाऊ पाहणारे तरुण पायलट मला कधीकधी सल्ला विचारतात. मी सांगतो, तुमच्या सगळ्या कागदांवर एकसारखीच चूक असेल तर तिला हात लावू नका. आणि घरात निवृत्त सेक्शन ऑफिसर असेल तर सही करण्याआधी वाचा.