निळ्या दाराची गाडी

विषय : एक दार निळे असलेल्या जुन्या पांढऱ्या मोटारीमुळे पंचक्रोशीत झालेल्या गैरसमजाबाबत.

संदर्भ : प्रस्तुत लेखकाच्या तोंडून चढावर निघालेला एक शब्द.

अख्खी नोकरी आवक-जावक शाखेत गेली, म्हणून विषय-संदर्भ लिहिल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. त्या एका शब्दामुळे मी माती कशी खाल्ली ते आता बैजवार ऐका. चहा गार झाला तरी चालेल.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. कुडाळला औषधं, मालवणला बाजार, रोजची ये-जा. गाडी आमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांची. तेही निवृत्त झाले आणि मुलाकडे नाशिकला निघाले, म्हणून ती स्वस्तात मिळाली. किती चालली होती म्हणता? किलोमीटरचा काटा आम्हा दोघांच्या आधीच सेवानिवृत्त झालेला! खाऱ्या वाऱ्याने तळ खाल्लेला, सायलेन्सर नावापुरता, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार भंगारातून आणून बसवलेलं. ते निळं.

जुनी गाडी ठेवणं म्हणजे घरात एक म्हातारं माणूस असणं. सकाळी खोकणार. पावसात रुसणार. उभी करायची तर उतारावरच, म्हणजे वेळेला ढकलायला पृथ्वी मदतीला येते. आणि चढावर तिच्याकडून काम करून घ्यायचं तर तुम्ही बोलायचं नाही. लक्ष जरा हललं की ती बंद!

हे सगळं मी मान्य करून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. गाडी माझ्या नावावर झाली, पण गाडीचं नाव काही बदललं नाही.

पलीकडच्या वाडीतून पहिल्यांदा गेलो, तर एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जानकीकाकी. एकटी बाई, घर चालतं ते एका गायीच्या दुधावर.

“ओ डाक्टरानू! उभी करा मरे गाडी!”

“काकी, मी डाक्टर नाय. मी फकत तेंची गाडी घेतलंय.”

“व्हय व्हय. जुने डाक्टर पण जेवच्या येळेक असाच सांगीत!”

“खराच सांगतंय. मी कारकून होतंय.”

“नवो डाक्टर इलो काय तेका जुनी गाडी गावताच. खुर्ची गावता, तशी गाडी. माका काय कळणा नाय?” काकीने निळ्या दारावर हात ठेवला. “आयका. माजी तांबू गाबण आसा. गेल्या खेपेक वासरू आडवा इला. डाक्टर होते म्हणान दोघांय वाचली. ह्या खेपेक तुमी आसास, माका काय भिया नाय.”

मी घरी आलो आणि गंभीरपणे विचार केला. डॉक्टर गेल्यापासून गावच्या गुरांच्या दवाखान्याला कुलूप. पद रिकामं. तांबू अडली तर येणार कोण? कारकुनाला संकटात एकच शस्त्र चालवता येतं. मी पशुसंवर्धन कार्यालयात अर्ज केला. पद तातडीने भरावे, ही विनंती. भाषा अशी निर्दोष, की मलाच दोनदा वाचावासा वाटला.

अर्ज गेला. इकडे गाडीची ख्याती वाढत गेली. सायलेन्सरचा आवाज लांबून आला की लोक गुरं बाहेर काढून बांधायचे. मी कुठे थांबलो की कोणी शेळीचे दात दाखवायचा, कोणी रेड्याची शिंगं. मी सगळ्यांना सांगायचो, डाक्टर नाय. सगळे हसायचे आणि मागच्या सीटवर नारळ ठेवायचे.

“बाजार आणूक गेल्लात की दवाखानो करूक?” नारळ उतरवताना बायको विचारायची.

आमचा मेकॅनिक इस्माईल म्हणाला, “तात्यानू, दार सफेद करून टाकूया काय? मगे कोण वळखूचो नाय.”

“बघूया,” मी म्हणालो. “दिवाळीनंतर.”

“मगे डाक्टरच ऱ्हवा. उद्या माजी शेळी घेवन येतंय.”

दार का रंगवलं नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आयुष्यभर मी लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले. बाहेर रस्त्यात कोणी ओळखलं नाही. आणि ही गाडी? चिखलात, पाणंदीत, लोकांच्या गोठ्यांच्या दारात जाऊन झिजली, तर तिला आंधळी गायसुद्धा ओळखत होती. तिच्या आत बसून थोडी ओळख मलाही मिळत होती. मोह सुटेना.

मग तो दिवस. भर दुपारी फाट्यावर एसटीने एका गृहस्थाला उतरवलं. शर्ट खोचलेला, काखेत बॅग. आमच्याकडे हल्ली असा माणूस दिसला की तो जमीनच बघायला आलेला असतो. मी त्याला गाडीत घेतलं.

वाटेत काकी. “डाक्टरानू, तांबू लय जड झाली हां! इसरा नको!”

“नाय इसरत, काकी.”

गाडी थांबवली ती बंद पडली. लगेच बांधावरची चार माणसं धावली. धक्का मारायची त्यांना जुनी सवय. “डाक्टरांची गाडी, लाव रे जोर!”

गृहस्थ खूश. “लोकांचं फार प्रेम आहे तुमच्यावर.”

“गाडीवर आहे,” मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

“रोज असता या भागात?”

“रोज.”

“रजा वगैरे?”

“गाडी घेते तेव्हा.”

तो मोठ्याने हसला. तेवढ्यात चढ लागला. पहिला गिअर, अर्धा क्लच, श्वास रोखलेला. नेमकं तेव्हाच त्याने विचारलं, “म्हणजे इथले गुरांचे डॉक्टर आपणच?”

खुलासा करायचा तर निळ्या दारापासून सुरुवात करावी लागली असती. चढ अर्धा उरलेला.

“होय,” मी म्हणालो.

गाडी चढ चढली. आणि खोटं कशाला बोलू, त्या शब्दाची चवही बरी लागली.

पुढे बरेच दिवस अर्जाचं उत्तर नाही, म्हणून मी स्वतःच त्या कार्यालयात गेलो. टेबलामागे तेच गृहस्थ!

“या डॉक्टर, या! बसा. अहो, तुमच्याविरुद्ध अर्ज होता.”

“माझ्याविरुद्ध?”

“म्हणजे तसाच. तुमच्या गावचं पद रिकामं आहे म्हणे! भाषेवरूनच ओळखलं, कोणीतरी रिकामटेकडा निवृत्त कारकून. यांना उद्योग नसतो. मी स्वतः येऊन पाहणी केली. डॉक्टर रोज फिरतात, लोक समाधानी. अर्ज निकाली!”

“साहेब, तो निवृत्त कारकून मीच.”

तो पुन्हा तसाच हसला. “डॉक्टर, तुम्ही गमतीदार आहात, हे मला गाडीतच कळलं होतं.”

बराच वेळ गेला तेव्हा त्याला पटलं. मग त्याचा चेहरा सरकारी झाला. म्हणाला, नवा अर्ज करा, आणि आपण डॉक्टर नसल्याचा पुरावा जोडा. डॉक्टर असल्याचं प्रमाणपत्र मिळतं हो, नसल्याचं कोण देतो?

घरी येऊन बायकोला विचारलं. ती नारळ सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमका कायच येना नाय, ह्या मी लिवन देतंय. खंय सही करू सांगा.”

तेच जोडून अर्ज दिला आहे. इस्माईलकडून कार्बोरेटर साफ करून घेतला, बॅटरी बदलली. कुडाळच्या गुरांच्या डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं. बोलावलं तर येतो म्हणाले, पण आणायला गाडी पाठवा. काकीलाही पुन्हा सांगितलं, की मी डॉक्टर नाही, मी डॉक्टर घेऊन येणारा आहे. ती म्हणाली, “व्हय व्हय.”

सद्यःस्थिती : तांबूचे दिवस भरत आले आहेत. गाडी सध्या पहिल्या किल्लीला सुरू होते. पद रिक्त आहे. अर्ज प्रलंबित आहे.