वयनीचा डबा

माझं तोंड मुळातच फटकळ. माहेरी सांगलीत ते खपून जायचं, कारण तिथं मी लाडाची. सासर मलकापूरचं, कराडच्या अंगाला. उसाची शेती, नवरा फौजेत, सुट्टीवर येईल तेव्हाच घरात दिसणारा. बाकी घरात मी, धाकटे दीर आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

दीरांनी शेती सांभाळून दोन मित्रांबरोबर रस्त्याकडेला पत्र्याचं काम काढलं होतं. ट्रंका, बादल्या, कोठ्या. माल चांगला, पण तसलाच माल बाजारात चार दुकानांत मिळायचा. त्यातला एक मित्र शहरात कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आला आणि येताना एक नवं खूळ घेऊन आला. सगळ्यांनी गोल बसायचं, मनात येईल ते बोलायचं, कुणी कुणाला हसायचं नाही. लोकांना रोज कशाचा त्रास होतो ते हुडकायचं आणि त्यावर आपली वस्तू काढायची. ह्याला ते बैठक म्हणायचे.

आता बैठक हा आमच्याकडं साधा शब्द नाही. वाटणीची बैठक बसते, सोयरिकीची बसते, आणि सुनेचं नांदणं नीट चाललं नसेल तर तिचीही बसते. त्यातून नुकताच माझा थोरला भाऊ येऊन गेला होता. माझा उतरलेला चेहरा बघून, मी बोलतो कुणाशी तरी, असं म्हणाला होता. तेव्हापासून मी वाट बघत होते.

त्या दुपारी सोप्यात घोंगडं अंथरून तिघं बसले होते. मी आत भांडी घासत होते, त्यामुळं त्यांचं काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. सायकलच्या चेनमध्ये धोतर अडकतं, कंदिलाची काच पुसताना हात कापतो, असलं बरंच त्यांनी काढलं होतं म्हणे. मग ट्रेनिंगवाला म्हणाला, आपण बाप्ये कितीबी डोकं लढवलं तरी घरातलं बायकांनाच ठावं. दीरांनी मला हाक मारली. ओले हात पदराला पुसत मी दाराशी उभी राहिले. तिथंच उंबऱ्याच्या आत आत्याबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

ट्रेनिंगवाला अगदी आदरानं म्हणाला, "वयनी, घरात काय काय तरास हुतो ते मोकळ्या मनानं सांगा. कोन रागवायचं न्हाई. आमी त्याच्यासाठीच बसलोय."

बैठक बसलेली, समोर दीर, आणि परका माणूस मला त्रास विचारतोय. माझी खात्रीच पटली की भावानं शब्द टाकला. इतके दिवस साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"मला ह्या घरात आल्यापासून एक गरम भाकरी मिळाली नाही," मी म्हणाले.

मागं सुपाचा आवाज थांबला. दीरांनी मान खाली घातली. मी पुढचंही सांगणार होते, पण तेवढ्यात ट्रेनिंगवाल्यानं मांडीवर थाप मारली. डबा, तो म्हणाला. दुहेरी पत्र्याचा डबा, मधे भाताचं तूस भरायचं, भाकरी दोन-तीन तास गरम राहील. दुसरा मित्र झाकण कसं बसवायचं ते सांगायला लागला. वयनींनी काय नेमकं सांगितलं, असं कौतुकही झालं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बैठक माझी नव्हती, पत्र्याची होती.

तेव्हा वाटलेली लाज अजून माझ्या अंगावर येते. मी आत गेले. आत्याबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

आमच्या घरची रीत सांगते. भाकऱ्या मी थापायची. आधी पुरुष आणि शेतातले गडी जेवायचे, मग चुलीतली चिपाडं ओढून विझवायची, आणि दुरडीत राहिलेल्या गार भाकऱ्यांवर मी बसायची. त्या दिवशी संध्याकाळी मी काठवट घ्यायला गेले तर आत्याबाई चुलीपुढं बसलेल्या. मला म्हणाल्या, पाट घे. ताटात वाफाळती भाकरी पडली. बाहेर दीर आणि गडी जेवायचे खोळंबलेले, आणि मी सून आत पहिल्या पंगतीला. त्यांनी एवढंच म्हटलं, "खा. गरम हाय."

मी कशीबशी गिळली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रागानं करत होत्या की मायेनं, मला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

डबा तयार झाला. पहिल्या डब्यात भाकरीला घाम सुटून तिचा लगदा झाला. मग तळाशी भोकाची जाळी बसवली आणि तो बरा चालला. कराडच्या बाजारात तिघांनी पाल ठोकलं. ट्रेनिंगवाला बोलायला गोड आणि मनानं सरळ. त्याला वाटायचं, वस्तूमागची हकीकत सांगितली की गिऱ्हाईक थांबतं. म्हणून तो प्रत्येकाला सांगायचा की आमच्या वयनीला घरात गरम भाकरी मिळत न्हवती, म्हणून हा डबा निघाला. डब्याला नावच पडलं, वयनीचा डबा. दीर त्याला गप्प करायला बघायचे, पण डबे खपत होते.

ही हकीकत फिरत फिरत आमच्या भावकीतल्या एका लग्नात पोचली. मांडवात पत्रावळी वाढल्या जात होत्या. मेढ्याकडची एक नातलग बाई चार बायकांत आत्याबाईंना हसत म्हणाली, सुनंला गार भाकरी घालतीस व्हय गं, बाजारभर झालंय. बायका हसल्या. आत्याबाईंनी पदर पुढं ओढला आणि पत्रावळीवरचा भात तसाच ठेवून उठल्या. मी शेजारीच होते. तसं नाही हो, एवढे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत.

घरी आल्यावर त्या लुगडंही न बदलता गोठ्यात गेल्या. मी मागोमाग गेले आणि पाय धरले. माझं चुकलं, मला वाटलं बैठक माझ्यासाठी बसलीय, असं काहीबाही रडत सांगितलं. त्या म्हशीला वैरण टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू खोटं कुटं बोललीस. मी तितंच बसली हुती न्हवं, उंबऱ्यात? मला कुनी इचारलंच न्हाई. न्हाईतर म्या बी त्येच सांगितलं आसतं."

आत्याबाई माझ्याही नंतर जेवायच्या. धार काढून, वासरं बांधून आत येईपर्यंत माझी भांडी घासून व्हायची, आणि त्या दुरडीतलं खालचं काय असेल ते कालवणात कुस्करून खायच्या. हे मला रोज दिसत होतं. दिसत होतं आणि तरी उंबऱ्यात त्यांच्या डोक्यावरून मी माझीच भाकरी मागितली होती.

मी आत जाऊन चूल पेटवली. अवेळी, घरात कुणी जेवायचं नसताना. एक भाकरी थापली, तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली. तशीच ताटात घालून, वर लोणी ठेवून गोठ्यात घेऊन गेले. आत्याबाई नको नको म्हणाल्या. आदी पोराला दी, म्हणाल्या, म्हणजे दीरांना. मी ताट धरून उभीच राहिले.

शेवटी त्यांनी ताट घेतलं. म्हशीच्या आडोशाला बसल्या, माझ्याकडं पाठ केली, आणि कुणी बघेल म्हणून घाईघाईनं, चटके बसत असताना ती भाकरी खाल्ली.