शेजारणीची वाघ

इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईला संध्याकाळ झाली की माझ्या किचनचा लाइट खुपतो. ती इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. तिचं मराठी ऐकताना घासात खडा लागावा तसं होतं मला.

"काकू, लाइट ऑफ करता? माझी वाघ आली."

"वटवाघूळ," मी म्हणते. "आणि ती नाही, ते."

"हो, सॉरी. ती वटवाघ."

तीन उन्हाळे हे चाललंय. उजेडात वटवाघळं फिरकत नाहीत म्हणून मी अंधारात भांडी घासायची, आणि हिने कुंपणापलीकडे त्यांचे आवाज पकडणारं यंत्र टकटकवत बसायचं. लोक सुट्टीत समुद्रावर जातात, ही वाळवंटात जाऊन पाणवठ्याशी रात्री काढून आली. आल्या आल्या मला लेक्चर. "तिकडची एक वाघ स्कॉर्पियन खाते, काकू. फेसवर स्टिंग झाला तरी सोडत नाही."

"खातं," मी म्हणाले.

काल मात्र मी वैतागले आणि लाइट चालूच ठेवला. तिने अंगातला कोट काढला, कुंपणापाशी येऊन दोन्ही हातांनी उंच धरला आणि माझ्या उजेडाला आडोसा करून उभी राहिली. माझी सगळी भांडी झाली तरी तिचे हात खाली आले नाहीत.

शेवटी मीच बटण बंद केलं.

"अंधारात काय करतेयस?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"हळू बोल," मी म्हणाले. "वाघ आली."