कानाने तळलेली कोंबडी

सव्वीस वर्षं शहराची बस चालवलेल्या बाईला घरात कोणी "सांभाळून गं" म्हटलं की तिच्या कपाळावर आठ्या पडत. सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, दोन वर्षांनी दुसरा. नाव मात्र तेच राहिलं.

डोळे गेल्यावर मुलगा आणि सून तिच्याकडे राहायला आले. मुलगा वाईट नव्हता, भित्रा होता. एकदा चहा करताना तिची दोन बोटं पोळली. दुसऱ्या दिवसापासून तो गॅसचा रेग्युलेटर काढून ऑफिसच्या बॅगेतून नेऊ लागला. दोघंही दिवसभर कामावर. मागे झाकून ठेवलेलं गार जेवण.

"रेग्युलेटर ठेव इथे," एका सकाळी ती म्हणाली. "कोंबडी तळायची आहे. माझी आई तळायची तशी."

"आई, उकळतं तेल असतं ते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो."

"तू फुंकत बस. मला ताक कोंबडी भिजवायला लागतं."

तो हसला नाही. रेग्युलेटर बॅगेतच गेला.

मग तिने खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला फोन लावला. ती निवृत्त नर्स, कशाला न घाबरणारी. बुधवारी दुपारी नर्सने कोंबडीचे तुकडे आणून दिले. ड्रायव्हरबाईने ते मीठ घातलेल्या ताकात बुडवले आणि पातेलं फ्रिजमध्ये पार मागे ढकललं. गुरुवारी नर्स स्वतःच्या घरचा रेग्युलेटर घेऊन वर आली.

"मी इथंच बसणार हं," नर्स म्हणाली.

"बस की. हात तेवढे मांडीवर ठेव."

मैद्यात मीठ आणि भरपूर मिरपूड. एकेक तुकडा घोळून तिने ताटात मांडला आणि पीठ धरेपर्यंत पाव तास तसाच राहू दिला. घाई केली की पीठ तेलात सुटतं, हे तिला आईच्या हातच्या चापटीने शिकवलं होतं. कढईतल्या तापत्या तेलात लाकडी चमच्याचं टोक धरून तिने बारीक चुरचुर ऐकली. मग आधी तंगड्या सोडल्या. तेलाने एकदम आरडाओरडा केला. ती मान तिरकी करून उभी राहिली, चढावर इंजिन ऐकायची तशी. आतलं पाणी उडत गेलं तसा आवाज बसत गेला. तो अगदी कोरडा, बारीक झाला तेव्हा तिने चिमट्याने पहिली तंगडी उचलली.

शेवटचा घाणा कढईत असताना मुलगा घरी आला. वास त्याला जिन्यातच लागला होता. तो धावत आत शिरला, "आई, सोड ते, सोड," म्हणत चिमट्याला हात घालू लागला.

"मागे हो," ती म्हणाली. "तू बोलतोस त्यात मला तेल ऐकू येत नाही."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. नर्सने मांडीवरचे हात हलवले नाहीत. सगळे तुकडे निघाले, गॅस बंद झाला, तेव्हा त्याने एक तंगडी हाडापर्यंत मोडून पाहिली.

"आतून शिजलंय," तो हळूच म्हणाला.

"मग? नुसतं वरून रंगवलंय असं वाटलं होतं का?"

"करत जा, पण घरात कोणीतरी असताना."

"साठ माणसं घेऊन भर गर्दीतून बस काढायचे मी, तेव्हा शेजारी कोणाला बसवलं होतं?"

नर्स आपला रेग्युलेटर घेऊन खाली गेली, तरी रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालला. सून मधे पडली नाही; तिने तीन तुकडे खाल्ले आणि पीठ किती वेळ धरू द्यायचं ते विचारून घेतलं. मुलाने हो म्हटलं नाही. पण सकाळी तो गेल्यावर ड्रायव्हरबाईने सिलिंडरवर हात फिरवला, तर रेग्युलेटर जागेवर होता.

त्यानंतर ती दोनदा पोळली. दोन्ही वेळा, कोणाचं लक्ष जायच्या आत, तिनेच ताटावर बसून सांगून टाकलं आणि कोणी काही म्हणण्याआधी भाजी वाढायला लावली.